धुळ्याहून विमान सुटलं

"चहा निवला," भिकाभाऊ म्हणाले.

"निवू द्या," द्रौपदाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

जळगावच्या मेहरूण भागातल्या त्या घरात कालपासून एवढंच संभाषण चालू होतं. फक्त चहाच्या जागी कधी पोहे यायचे, कधी भाकरी. द्रौपदाबाई खाटेवर होत्या आणि त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. लेकीच्या बॅगेत घालायला फळीवरची लोणच्याची बरणी काढायला गेल्या आणि स्टुलावरून पडल्या. बरणी वाचली, पाय मोडला. आता लोणचं जपानला निघालं होतं आणि ते घालणारी घरी पडून होती.

लेक समीक्षा नर्स. वर्षभर जपानी भाषा शिकून तिनं टोकियोच्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षांची नोकरी मिळवली होती. आईचा पाय मोडल्यावर तिनं जाणं रद्द करायचं काढलं, तर आईनंच तिला झापलं. "तिकडच्या म्हाताऱ्या तुझी वाट पाहू राह्यल्या. माझा पाय काय पळून चालला का?" धाकटा सुयश बहिणीला मुंबईच्या विमानतळावर पोचवायला गेला. बायकोजवळ कुणीतरी हवं म्हणून भिकाभाऊ मागे राहिले. इथवर सगळं शहाणपणानं झालं. पण समीक्षाची रिक्षा निघाली तेव्हा द्रौपदाबाईंना खाटेवरून तिचा नुसता आवाज ऐकू आला, आणि सगळं तिथं बिनसलं.

त्याचं कारण म्हणजे त्यांच्या माहेरचा, दोंडाईच्याचा नियम. घरचं माणूस गावाला निघालं की त्याची गाडी वळणाआड होईपर्यंत उभं राहायचं. हात नाही हलवला तरी चालेल, नजर काढायची नाही. भिकाभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे लोकांच्या भाषेत कंट्रोलर. त्यांची बदली धुळ्याला झाली तेव्हा दर सोमवारी द्रौपदाबाई अशाच वळणाकडे बघत उभ्या राहायच्या. एकदाच दूध उतू गेलं म्हणून त्या आत पळाल्या, आणि नेमका त्याच दिवशी पारोळ्याच्या अलीकडे गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. हा योगायोग आहे असं बायकोला सांगायची भिकाभाऊंची आजवर छाती झाली नव्हती.

"पोरगी सातासमुद्रापार चालली, अन् मी तिची पाठ बी पाह्यली नाही," एवढंच त्या काल बोलल्या आणि भिंतीकडे वळल्या. नोकरीभर भिकाभाऊंनी दुसऱ्यांच्या लेकी गाडीत बसवून दिल्या, रडणाऱ्या आयांना खिडकीपासून बाजूला केलं. आता स्वतःची लेक निघाली, तर तिच्या आईला गाडीचं मागचं टपसुद्धा दाखवता आलं नाही. याची त्यांना खरोखरच लाज वाटली.

त्याच तिरमिरीत त्यांनी माळ्यावरून सुयशचा शाळेतला नकाशांचा जुना संच काढला. एक बोट मुंबईवर, दुसरं टोकियोवर, आणि मध्ये शिवणाचा दोरा ताणला. दोरा बरोबर जळगावावरून गेला! पृथ्वी गोल असल्याची अडचण भिकाभाऊंनी मनावर घेतली नाही. तरी खात्री केलेली बरी म्हणून त्यांनी मुंबईला फोन लावला.

"हो पप्पा, ते विमान बहुतेक रोज आपल्याच बाजूनं जातं," सुयश म्हणाला. "थोडं इकडंतिकडं. सहा हजार सातशे किलोमीटर आहे, साडेआठ तास लागतात."

"साडेआठ? अरे, आपल्या पुणे गाडीला नऊ लागतात!"

एसटीतल्या माणसाला अंतर किलोमीटरमध्ये कळत नाही, तासांत कळतं. भिकाभाऊ उजळलेल्या चेहऱ्यानं खाटेपाशी गेले. "समीक्षाची आई, ऐक. पोरगी पुण्यापेक्षा जवळ चालली."

"पुण्याहून दर दिवाळीले येता येतं," भिंतीला उद्देशून उत्तर आलं.

"बरं, दुसरं ऐक. तिचं विमान आपल्या गच्चीवरून जाणार आहे. साडेपाचला सुटतं, सहाच्या पुढेमागे आपल्या डोक्यावर. मी दाखवतो तुला. नजरेआड होईपर्यंत बघ."

द्रौपदाबाई प्लास्टरसकट वळल्या. "खरं?"

"कंट्रोलरचा शब्द आहे."

शब्द देऊन झाल्यावर तो पाळायचा कसा, हा विचार सुरू झाला. येणारी गाडी नेमकी कधी येईल हे कळायला भिकाभाऊंच्या नोकरीत एकच खात्रीची पद्धत होती. मागच्या डेपोनं पुढच्या डेपोला फोन करायचा. इथं मागचा डेपो धुळे, आणि धुळ्यात द्रौपदाबाईंचा भाऊ नथ्थू राहत होता.

"जयभीम नथ्थू. संध्याकाळी गच्चीवर उभा राहा. विमान दिसलं की लगेच मला फोन. धुळ्याहून जळगावला यायला त्याला सहा मिनिटं लागतील."

"सहा मिन्टं?" नथ्थू अहिराणीत ओरडला. "दाजी, आमना स्टँडवर गाडी मांगे लेवाले दहा मिन्टं लागतस!"

"गाडी मागे घ्यायला लागतात, विमानाला नाही. म्हणूनच सांगतो, डुलकी काढू नको."

मग सुयशला हुकूम गेला. "साडेपाच ते सव्वासहा मला फोन करायचा नाही. धुळ्याची लाइन मोकळी पाहिजे."

"पण पप्पा, मध्येच काही झालं तर—"

"काही होत नाही. ठेव फोन."

आता बायकोला गच्चीवर न्यायचं होतं. शेजारी चंदनचं मांडवाचं आणि लायटिंगचं दुकान होतं. भिकाभाऊ त्याच्याकडे एक खुर्ची आणि चार दणकट माणसं मागायला गेले. चंदन उत्साही माणूस. "अक्कांना काय प्लास्टिकच्या खुर्चीत नेता?" असं म्हणून त्यानं लग्नातली नवरीची खुर्ची काढून दिली. लाल मखमल, सोनेरी हात आणि मागे लाकडाचा नाचरा मोर. नाकापेक्षा मोती जड, तशी द्रौपदाबाईंपेक्षा खुर्ची जड निघाली. जिन्याच्या वळणावर मोराची मान कठड्यात अडकली तेव्हा भिकाभाऊंनी खिळ्याला टांगलेली आपली जुनी शिट्टी गळ्यात घातली आणि वर जाऊन उभे राहिले.

"येऊ द्या… येऊ द्या… डावी मारा… बस्स!" तोंडात शिट्टी, दोन्ही हात हवेत. मागे येणाऱ्या गाडीसारखी बायको त्यांनी जिन्यातून वर घेतली.

"भिकाभाऊ, अक्कांना फलाटाला लावलं का?" समोरच्या मंदाबाईंनी खालून विचारलं. मग त्या स्वतःच काय प्रकार आहे ते बघायला वर आल्या, आणि मंदाबाईंना कळलं म्हणजे आळीला कळलं. बघता बघता गच्ची भरली. कुणी शेंगदाणे आणले, कुणी सतरंजी. एवढी माणसं जमलीच आहेत तर खाली अंगणात भरीत-भाकरी होऊन जाऊ दे, असं मंदाबाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं. खाली कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायला पडली, तो खमंग धूर वर यायला लागला. खुर्चीत बसलेल्या द्रौपदाबाईंना प्रत्येक जण नमस्कार करत होता. त्या अवघडल्या होत्या, पण दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

"भाऊ, आपण ताईला बघू," चंदनला मध्येच शंका आली. "पण ताई आपल्याला कशी बघणार?"

प्रश्न बिनतोड होता. चंदनकडे उत्तरही तयार होतं. वरातीतला हिरवा लेझर.

"अजिबात नाही!" भिकाभाऊ दचकले. "ड्रायव्हरच्या डोळ्यात गेला तर गाडी शेतात उतरवील."

"मग दोन फोकस लावतो. खालूनच उजेड, वर नाही मारत." त्यानं मंदाबाईंच्या घरातून वायर ओढली आणि खिशातून मोबाइल काढला. "अन् हे बघा, विमान आत्ता कुठं आहे ते यात दिसतं. थांबा, उघडतो."

भिकाभाऊंना हा अपमान वाटला. "धुळ्याला माणूस बसवलाय मी. मागच्या डेपोचा फोन येईपर्यंत पुढच्या डेपोनं आपलं डोकं चालवायचं नसतं. ठेव तो मोबाइल. दिवे बघ तू."

चंदननं निमूटपणे मोबाइल खिशात घातला.

सूर्य बुडाला. पश्चिमेला थोडी लाली उरली. आणि फोन वाजला.

"दाजी! इमान उनं!" नथ्थूचा आवाज आख्ख्या गच्चीला ऐकू गेला. "डोकावरतीन गयं! लाल दिवा लुकलुक करी ऱ्हायना! बठ्ठी गल्ली दखी ऱ्हायनी!"

"धुळ्याहून विमान सुटलं!" भिकाभाऊंनी गर्जना केली. "तिथली सगळी गल्ली बघतेय! चंदन, दिवे!"

चंदननं बटण दाबलं. दोन्ही फोकस भसकन पेटले, आळी दुधात बुडाल्यासारखी पांढरी झाली, आणि त्याच क्षणी मंदाबाईंच्या घरी कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली. कोपऱ्यावरच्या खांबावर 'फाट्' असा आवाज झाला. फोकस गेले, आळी गेली, मेहरूण तळ्याच्या काठापर्यंतचे सगळे दिवे गेले. आपला हात आपल्याला दिसेना.

"घ्या! आता ती काय बघणार, कप्पाळ?" अंधारातून मंदाबाई म्हणाल्या.

भिकाभाऊंनी शब्द दिला, आळी गोळा केली, बायको मोराच्या खुर्चीत बसवली, आणि ऐन वेळी हा काळोख. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत. तेवढ्यात चंदन ओरडला, "ते बघा! ते बघा!"

खालचे दिवे गेल्यामुळे आभाळ कसं स्वच्छ दिसत होतं. पाण्याच्या टाकीमागून एक लाल ठिपका वर आला, शेजारी एक पांढरा लुकलुकत होता. मग काय विचारता! टॉवेल हलले, पदर हलले, मोबाइलच्या बॅटऱ्या हलल्या. "समीक्षा! समीक्षाताई!" अशा हाका सुरू झाल्या. आपला आवाज दहा किलोमीटर वर पोचत नाही, हे त्या वेळी कुणाला सांगून पटलं नसतं. द्रौपदाबाई मात्र हलल्या नाहीत. ठिपका डोक्यावरून पुढे गेला, धुळे रस्त्यावरच्या उरल्यासुरल्या लालीत शिरला आणि दिसेनासा झाला, तोवर त्यांची नजर तिथंच होती. मग त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"पाह्यलं," त्या म्हणाल्या.

गच्चीवर टाळ्या पडल्या. भिकाभाऊंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना वाटलं, आजवर इतक्या गाड्या सोडल्या, पण अशी एकही नाही.

द्रौपदाबाईंना मोरासकट खाली नेलं आणि अंगणात बसवलं. मागोमाग भिकाभाऊ उतरत होते, तेवढ्यात फोन वाजला. सुयश होता.

"पप्पा, सव्वासहा झाले. आता बोललं तर चालेल ना?"

"बोल की!"

"ताईचं विमान अजून इथंच आहे. दीड तास उशीर आहे. मी मघाशीच सांगणार होतो, पण तुम्ही फोन करू नको म्हणालात."

भिकाभाऊ जिन्यात, अंधारात, मटकन खाली बसले.

"पप्पा? आईला दाखवलंत का?"

"दाखवलं."

"काय दाखवलं?"

"सुटलं की मला कळव," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अंगणात मेणबत्त्या लागल्या होत्या. कुणी वायरमनला बोलवायला गेलं होतं, आणि केळीच्या पानावर द्रौपदाबाई भरीत-भाकरी खात होत्या. दोन दिवसांनंतरचा पहिला घास. अर्धी भाकरी संपवून त्यांनी अजून मागितली, मिरचीचा ठेचाही मागितला. "आता जिवाले बरं वाटलं," त्या मंदाबाईंना सांगत होत्या. भिकाभाऊ दोनदा जवळ गेले. दोनदा तोंड उघडलं. पण दुष्काळातून आल्यासारख्या भुकेनं जेवणाऱ्या बायकोला "ते आपलं विमान नव्हतं" असं सांगायचं कसं? अडकित्त्यात सापडल्यासारखी त्यांची अवस्था झाली. पुढे वाढलेलं भरीत त्यांना गोडही लागेना.

पानं उचलून झाली तेव्हा सुयशचा निरोप आला. सुटलं.

भिकाभाऊंनी मनात हिशेब केला, थोडा वेळ इकडं-तिकडं केलं आणि उठले. "चंदनचे दिवे वर राहिलेत. आवरून येतो."

"या," द्रौपदाबाई अंगणातूनच म्हणाल्या.

गच्चीवर आता कुणी नव्हतं. दोन मुके फोकस आणि शेंगदाण्याची टरफलं. आळीत अजून अंधारच होता. भिकाभाऊ कठड्याला टेकून धुळे रस्त्याकडे बघत राहिले. या वेळी त्यांनी नथ्थूला फोन केला नाही. बऱ्याच वेळानं तिकडून एक ठिपका वर आला. लाल, पांढरा, लाल. तो डोक्यावर आला तेव्हा भिकाभाऊंनी हात वर केला. लहानपणी ही पोरगी डेपोत यायची आणि त्यांची टोपी घालून फलाटावर फिरायची, ते त्यांना आठवलं. काय करावं कळेना, तेव्हा हाताला सवयीनं गळ्यातली शिट्टी लागली. गाडी सोडताना कंट्रोलर मारतो तशा दोन शिट्ट्या त्यांनी मारल्या. जाऊ द्या. ठिपका पाण्याच्या टाकीमागे गेला, तोवर ते तिथंच उभे होते.

खाली आले तेव्हा दिवे आले होते.

"आवरलं?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"आवरलं," भिकाभाऊ म्हणाले.

सकाळी समीक्षाचा फोन आला. भिकाभाऊंनी स्पीकर लावला आणि फोन खाटेवर ठेवला.

"पोचले आई! सगळं नीट झालं. लोणच्याची बरणीसुद्धा फुटली नाही."

"जेवली का?"

"जेवले. आई, मला खिडकी मिळाली होती. आमचं विमान दीड तास—"

भिकाभाऊंना जोरदार ठसका लागला. "थंडी कशी आहे गं तिकडं?"

"आहे पप्पा. तर दीड तास उशिरा—"

"स्वेटर घाल आधी!"

"घातलाय! ऐका तरी. सुयशनं गच्चीचं सांगितलं होतं. उशीर झाला म्हणून वाटलं, तुम्ही वाट बघून खाली गेला असाल. तरी मी बघत होते. जळगाव आलं तेव्हा खाली सगळीकडे दिवेच दिवे, आणि तळ्याशेजारी एवढासा तुकडा काळाकुट्ट. म्हटलं, हे पप्पांनीच काहीतरी केलं असणार! मग त्या काळ्या तुकड्याकडे बघून हात हलवला."

आणखी थोडं बोलून तिनं फोन ठेवला. भिकाभाऊ चहाच्या कपातल्या सायीकडे बघत राहिले. मग त्यांनी धीर केला. "समीक्षाची आई, कालचं ते विमान…"

"मुंबईकडं चाललं व्हतं," द्रौपदाबाई म्हणाल्या.

भिकाभाऊंनी मान वर केली.

"नथ्थूनं कोणतं पाह्यलं कोण जाणे. आपण पाह्यलं ते टाकीमागून निघालं अन् सूर्य बुडाला तिकडं गेलं. आपली पोरगी मुंबईहून निघाली, मुंबईले नाही. जिंदगीभर पाट्या वाचून गाड्या सोडल्या तुमी, अन् एवढी मोठी गाडी उलटी चालली ते नाही दिसलं?"

"मग तू बोलली का नाही?"

"काय बोलू? आख्खी आळी टॉवेल हलवू राह्यली, त्या चंदनच्या पोरांनी मले मोरासकट वर चढवलेलं. अन् तुमचं तोंड पाह्यलं. लग्नातबी एवढं खूश नव्हतं ते. बसली मंग गप."

"पण तू रडलीस की!"

"त्या इमानात बी कोणाची तरी लेक असंलच ना, घरी येणारी. म्हटलं, तिची माय तर आज निवांत झोपंल."

भिकाभाऊ हळूच म्हणाले, "म्हणजे समीक्षाचं विमान तू पाहिलंच नाही."

"असं कसं? अंगणात बसली व्हती ना मी. तुमी वरून दोन शिट्ट्या मारल्या. हा माणूस गाडी सुटल्याशिवाय दोन शिट्ट्या मारत नाही, एवढं मले कळत नाही का? मान वर केली, तर डोक्यावरच व्हतं. टाकीमागं जाईपर्यंत पाह्यलं." त्यांनी प्लास्टरचा पाय उशीवर नीट ठेवला. "पाठ पाह्यली पोरीची. झालं माझं."

"मग रात्रीच सांगायचं!"

"तुमी सांगितलं का?"

तेवढ्यात धुळ्याहून फोन आला. "दाजी, पोचनी का आमनी पोर? टाइमवर?"

भिकाभाऊंनी बायकोकडे पाहिलं. त्या पदर तोंडाशी धरून हसत होत्या.

"पोचली नथ्थू," ते म्हणाले. "दीड तास उशिरा. म्हणजे आमच्या हिशेबानं वेळेवरच."

फोन ठेवल्यावर द्रौपदाबाईंनी समोरचा कप पुढे सरकवला.

"चहा निवला," त्या म्हणाल्या. "दुसरा ठेवा. अन् पोहे बी करा."